आजाराची मतमोजणी

१९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेत एक टपाली मतदान पार पडले. प्रश्न अध्यक्षपदाचा नव्हता की वर्गणीवाढीचाही नव्हता. समलैंगिकता हा आजार नाही, असा ठराव संघटनेच्या विश्वस्त मंडळाने आधीच्या डिसेंबरात केला होता. तो ठेवायचा की मोडीत काढायचा, एवढेच सभासदांना विचारले होते. दहा हजारांवर डॉक्टरांनी मतपत्रिका भरून पाठवल्या. ५,८५४ जण ठरावाच्या बाजूने, ३,८१० विरोधात, उरलेले तटस्थ.

आजार कुठे हात वर करून ठरतात का, अशी थट्टा तेव्हाही झाली आणि अजून होते. थट्टा करणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. हे मतदान मागितले होते ठरावाच्या विरोधकांनी, आणि त्यांच्या आघाडीवर होते न्यूयॉर्कचे नामवंत मनोविश्लेषक. म्हणजे मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या घराण्यातलेच लोक. ज्या फ्रॉइडने निरोगी आणि रोगी यांच्यामधली रेघ पुसण्यात हयात घालवली, त्याचे वारस पाऊणशे वर्षांनी तीच रेघ वाचवण्यासाठी सह्या गोळा करत फिरत होते. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर आधी फ्रॉइडच्या व्हिएन्नाला जायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या वैद्यकात वेडाचा मुलूख वेगळा आखलेला होता. काही घराण्यांचे रक्तच नासलेले असते, पिढीगणिक ते अधिक नासत जाते आणि त्यातून वेडे, गुन्हेगार, व्यसनी आणि लैंगिक बाबतीत 'विकृत' माणसे निपजतात, असे मोठमोठे प्राध्यापक शिकवत. पुढे व्हिएन्नात प्राध्यापक झालेल्या रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंगने १८८६ साली अशा 'विकृतीं'ची एक जंत्रीच छापली आणि ती हातोहात खपली. शहाण्यांनी ती वाचायची आणि आपण त्यात नाही म्हणून निश्चिंत व्हायचे.

ही निश्चिंती फ्रॉइडने घालवली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोच्या हाताखाली त्याने हिस्टेरियाचे रुग्ण पाहिले. १८९५ मध्ये योसेफ ब्रॉयरबरोबर त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या शेवटी तो रुग्णाला सुखाचे आश्वासन देत नाही. झटक्यांचे दुःख सरेल आणि चारचौघांच्या वाट्याला येते तेवढे दुःख उरेल, इतकेच त्याचे म्हणणे. डॉक्टर म्हणून हा फारच कंजूस वायदा. पण त्यात एक कबुली होती की बरे होऊन माणूस पोचतो ते ठिकाणही काही दुःखमुक्त नसते.

पुढचे पाऊल त्याने स्वतःवरच टाकले. १८९८ च्या सप्टेंबरात तो रागुझाहून, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकहून, हर्जेगोव्हिनाकडे प्रवास करत होता. सोबत एक अनोळखी गृहस्थ. बोलता बोलता इटलीचा विषय निघाला आणि ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमधली कयामतीची भित्तिचित्रे तुम्ही पाहिलीत का, असे फ्रॉइडने त्याला विचारले. ती काढली कोणी, हे सांगायला गेला तर नाव आठवेना. बोत्तिचेल्ली आठवला, बोल्त्राफियो आठवला; हे दोघे नव्हेत, एवढे मात्र नक्की कळत होते. खरे नाव सिन्योरेल्ली. दुसऱ्या कोणी सांगताक्षणी त्याने ते ओळखले. आपल्यापैकी कोणीही इथे डोके खाजवून विषय सोडून दिला असता. फ्रॉइड मागे मागे गेला. त्याआधी बोलणे चालले होते बॉस्नियातल्या तुर्कांविषयी, डॉक्टरने हात टेकले तरी ते मृत्यू किती शांतपणे स्वीकारतात याविषयी. त्याच तुर्कांची एक दुसरी गोष्ट त्याच्या ओठावर आली होती: कामसुख गेले तर जगण्यात अर्थ नाही, असे ते मानतात. परक्या माणसापुढे ती नको म्हणून त्याने गिळली. तिच्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली होती. काही आठवड्यांपूर्वी त्राफोई या गावी असताना त्याला बातमी कळली होती की त्याच्या एका रुग्णाने लैंगिक व्याधीला कंटाळून आत्महत्या केली. मृत्यू, वासना आणि वैद्य म्हणून आलेले अपयश हे सारे दाबताना सिन्योरेल्लीही दाबला गेला, आणि 'बॉस्निया'चा 'बो' व 'त्राफोई'चा 'त्राफो' चुकीच्या नावांमधून वर आले.

ही उकल जरा जास्तच चलाख वाटते, हे मला मान्य आहे. इतकी अक्षरे हाताशी असली की कोणत्याही शब्दापासून कोणत्याही शब्दापर्यंत पोचता येते, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आणि तो खोडणे सोपे नाही. पण १९०१ मध्ये दैनंदिन चुकांवरचे आपले पुस्तक फ्रॉइडने याच प्रसंगाने सुरू केले, त्यामागचा हेतू पाहण्यासारखा आहे. ज्या रीतीने हिस्टेरियाच्या मुलीचा हात लुळा पडतो, त्याच रीतीने व्हिएन्नात बेर्गगास १९ इथे राहणाऱ्या धडधाकट डॉक्टरला चित्रकाराचे नाव आठवत नाही. नको असलेले काहीतरी आत ढकलायचे, त्याने दुसऱ्या वाटेने बाहेर यायचे. यंत्रणा एकच. त्याच्या थोडे आधी आलेल्या स्वप्नांवरच्या ग्रंथातही हाच मुद्दा होता, कारण स्वप्ने काही फक्त रुग्णांनाच पडत नाहीत.

मग फरक उरतो कशात? १९१६-१७ साली व्हिएन्ना विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत फ्रॉइडने याचे सरळ उत्तर दिले आहे. स्वप्न पाहणारा प्रत्येक निरोगी माणूस हा सुप्तावस्थेतला न्यूरोसिसचा रुग्णच आहे. दोघांत भेद आहे तो व्यवहारापुरता. माणसाला आयुष्याचा पुरेसा आस्वाद घेता येतो का, आणि हातून कामे होतात का? येत असेल, होत असतील, तर त्याला निरोगी म्हणायचे. प्रश्न प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. ही कसोटी वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे ती अगदी अनपेक्षित हातात पडणार आहे.

समलैंगिकतेबद्दल फ्रॉइड काय म्हणत होता, तेही याच धाग्यातले. १९०५ च्या लैंगिकतेवरच्या निबंधांना १९१५ मध्ये जोडलेल्या एका तळटीपेत त्याने लिहिले की समलिंगी माणसांना मानवजातीपासून वेगळी जमात म्हणून बाजूला काढायला मनोविश्लेषणाचा विरोध आहे. अशी निवड नेणिवेत प्रत्येकानेच कधी ना कधी केलेली असते. १९२१ मध्ये एका समलिंगी डॉक्टरला मनोविश्लेषकांच्या संस्थेत घ्यावे का, असा प्रश्न लंडनहून त्याचा अनुयायी अर्नेस्ट जोन्स याने केला. जोन्सचा कल नाही म्हणण्याकडे होता. तेवढ्या कारणावरून दार लावता येणार नाही, असे उत्तर फ्रॉइड आणि त्याचा सहकारी ओटो रांक यांनी धाडले.

आणि मग ते प्रसिद्ध पत्र. एप्रिल १९३५ चे. एका अमेरिकन आईने आपल्या मुलाविषयी लिहिले होते. फ्रॉइड तेव्हा ७८ वर्षांचा, जबड्याच्या कर्करोगाने पोखरलेला. त्याने स्वतःच्या हाताने, परक्या इंग्रजीत उत्तर दिले. आईने पूर्ण पत्रात मुख्य शब्द कुठेच वापरला नव्हता; तुम्ही तो का टाळलात, असे त्याने आधी विचारले. मग सांगितले की यात फायदा काही नसला तरी लाज वाटण्यासारखेही काही नाही, हे व्यसन नव्हे, अधःपात नव्हे आणि याला आजारही म्हणता येत नाही. त्याच पत्रात 'लैंगिक विकासात आलेला एक प्रकारचा खंड' असेही शब्द आहेत. भक्त पहिला भाग सांगतात, टीकाकार दुसरा. दोन्ही त्याचेच आहेत. खंड पडला म्हणायचे आणि आजार नाही म्हणायचे, ही कसरत त्याला जमत होती, कारण त्याच्या लेखी अडखळत न वाढलेला माणूस मुळात नव्हताच.

असे मोकळे उत्तर देणे आपल्याकडे तेव्हा महागात पडे. याच्या आदल्या वर्षी, १९३४ मध्ये, मुंबईत 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांपायी कोर्टात उभे होते आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. आधार दिला गेला तो हॅवलॉक एलिससारख्या कामशास्त्रज्ञांचा. कर्वे खटला हरले.

फ्रॉइडने रेघ पुसली ती मोठ्या मनाने, यात शंका नाही. तरी पुसलेल्या रेघेत एक धोका असतो आणि तो त्याला पुरता दिसला नाही, असे मला वाटते. सगळेच थोडे थोडे आजारी असतील, तर कोणाचा आजार मोजायचा आणि कोणाचा माफ करायचा, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरच्या हातात जातो. फ्रॉइडला डॉक्टरांचा भरवसा नव्हता, एवढे खरे. १९२६ मध्ये त्याचा सहकारी थिओडोर राइक याच्यावर वैद्यकाची पदवी नसताना उपचार केल्याचा आरोप आला, तेव्हा फ्रॉइडने एक सबंध पुस्तिका लिहून सांगितले की मनोविश्लेषण ही वैद्यकाची शाखा नव्हे. त्याची स्वतःची मनोविश्लेषक मुलगी ॲना हीही डॉक्टर नव्हती; ती आधी शाळेत शिक्षिका होती.

अमेरिकेतल्या अनुयायांनी हे ऐकले नाही. वैद्यकाची पदवी असलेल्यांनाच मनोविश्लेषणाचे शिक्षण द्यायचे, असा नियम तिथल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेने १९३८ मध्ये पक्का केला. नेमक्या त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नाचे विश्लेषक जीव मुठीत धरून बाहेर पडले. फ्रॉइड लंडनला गेला, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात वारला. बाकीचे बरेचसे न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोत विखुरले. व्हिएन्नात मनोविश्लेषण हा विद्यापीठाच्या कडेला चाललेला उद्योग होता. अमेरिकेत ते इस्पितळात, वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यात शिरले. महायुद्धात लाखो तरुण मानसिक कारणांवरून भरतीतच नाकारले गेले आणि अमेरिकन सैन्याच्या मनोरुग्ण विभागाची सूत्रे विल्यम मेनिंजर या मनोविश्लेषकाच्या हाती आली, ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यासकट. त्याच्या विभागाने १९४३ मध्ये केलेल्या वर्गवारीवरून मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची पहिली निदानपुस्तिका तयार झाली, १९५२ मध्ये. 'डीएसएम' म्हणून आज सगळ्या जगाला माहीत असलेली ती हीच. समलैंगिकता तिच्यात समाजविघातक व्यक्तिमत्त्वांच्या सदराखाली होती.

पुढची पंधरा-वीस वर्षे या मंडळींच्या वैभवाची. विल्यमचा थोरला भाऊ कार्ल मेनिंजर याने १९६३ मध्ये मांडले की मनाचे वेगवेगळे आजार नसतातच, एकच आजार कमी-अधिक मात्रेत सर्वांना असतो. त्याच्या आदल्या वर्षी मॅनहॅटनच्या मध्यभागातल्या १,६६० रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबात मानसिकदृष्ट्या पूर्ण ठणठणीत निघाले १८.५ टक्के. शंभरातले एक्क्याऐंशी काही ना काही बिघाडाचे! फ्रॉइडचा सिद्धांत आकडेवारीत उतरला म्हणायचा. फक्त त्याचा विषण्ण समजूतदारपणा तेवढा वाटेत सांडला होता. व्हिएन्नात 'आपण सगळेच असे' होते, मॅनहॅटनमध्ये 'तुम्ही सगळेच आमचे पेशंट' झाले.

आणि सगळे आजारी असले तरी काही अधिक आजारी ठरले. मनोविश्लेषक शांडोर राडो याने १९४० मध्ये फ्रॉइडची मूळ द्विलिंगी प्रवृत्तीची कल्पनाच काढून टाकली. आता समलैंगिकता म्हणजे दुसऱ्या लिंगाची भीती, म्हणजेच रोग. एडमंड बर्गलरने १९५६ च्या आपल्या पुस्तकात समलिंगी पुरुषांविषयी जे लिहिले आहे ते डॉक्टरपेक्षा वैऱ्याला शोभेल. अर्व्हिंग बीबर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये १०६ समलिंगी पुरुषांचा अभ्यास छापला आणि दोष घातला जवळीक करणाऱ्या आईवर व तुटक बापावर. चार्ल्स सोकॅरिडीझचे पुस्तक १९६८ चे. या सर्वांत एक साधी गफलत होती: त्यांनी पाहिलेले सगळे लोक विश्लेषकाच्या कोचावर आलेले होते. इस्पितळात बसून गावाची प्रकृती मोजण्यातला हा प्रकार.

ती गफलत एका बाईने आधीच दाखवून दिली होती. एव्हलिन हूकर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. सॅम फ्रॉम हा त्यांचा जुना विद्यार्थी एकदा म्हणाला की आम्ही कसे आहोत हे तुम्ही पाहिलेत, आता आमच्यासारख्यांचा अभ्यास करा, ते तुमचे शास्त्रीय कर्तव्य आहे. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी धरपकडीच्या काळात असे संशोधन म्हणजे विस्तवाशी खेळ. सरकारी नोकरीतून समलिंगी लोकांना हुडकून काढले जात होते. हूकरबाईंनी विद्यापीठात नव्हे, आपल्या घराच्या बागेतल्या खोलीत ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांना तपासले, आणि कधी उपचार घ्यायला न गेलेलेच निवडले. शाईच्या डागांची रॉरशाक चाचणी आणि आणखी दोन चाचण्या घेतल्या. मग ते कागद नावनिशाणी न ठेवता तीन जाणत्या परीक्षकांपुढे टाकले. त्यांत ब्रुनो क्लॉपफर होते. रॉरशाकवरचा त्यांचा अधिकार अमेरिकाभर मानला जाई. जोड्यांतला समलिंगी कोणता, हे ओळखायला सांगितले. छापा-काटा उडवून जितके जमले असते, तितकेच परीक्षकांना जमले. १९५७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कोचामागच्या खुर्चीत बसणाऱ्यांवर काही परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो दारावर धडका बसू लागल्यावर. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात बीबरला श्रोत्यांतून शिव्या खाव्या लागल्या. १९७१ मध्ये वॉशिंग्टनला फ्रँक कामेनी याने ध्वनिक्षेपकच ताब्यात घेतला. हार्वर्डचा पदवीधर असलेला हा खगोलशास्त्रज्ञ समलिंगी म्हणून सरकारी नोकरीतून काढला गेला होता. १९७२ च्या मे महिन्यात डॅलसला एका परिसंवादात डॉक्टरांपुढे एक डॉक्टर बोलायला बसला तो चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर टोप आणि अंगात मापापेक्षा मोठा सूट चढवून. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकात फेरफार केलेला. मी समलिंगी आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, असे त्याने सांगितले. आमच्यासारखे या अधिवेशनात शंभराहून अधिक आहेत, असेही. तो फिलाडेल्फियाचा डॉ. जॉन फ्रायर होता. हे त्याने उघडपणे सांगितले ते बावीस वर्षांनी. ज्या पुस्तिकेत आपले नाव आहे ती उशाशी ठेवून दुसऱ्यांचे निदान करत बसायचे, ही त्या शंभरांची रोजची नोकरी होती.

शेजारीच बसले होते जड मार्मर आणि रॉबर्ट सायडनबर्ग. दोघेही मनोविश्लेषक, दोघेही बदलाच्या बाजूचे. सगळ्या विश्लेषकांना एका दावणीला बांधणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. मार्मर पुढे त्याच संघटनेचे अध्यक्ष झाले.

शब्द शोधण्याचे काम पडले रॉबर्ट स्पिट्झरकडे. कोलंबिया विद्यापीठात त्याने मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेले आणि सुरुवातीला मत चारचौघांसारखेच. १९७३ मध्ये होनोलुलूच्या अधिवेशनात दोन्ही पक्षांना समोरासमोर आणणारा परिसंवाद त्यानेच जुळवला. त्याच मुक्कामात रॉन गोल्ड हा कार्यकर्ता त्याला समलिंगी मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गुप्त मेळाव्यात घेऊन गेला. इतके प्रतिष्ठित लोक तिथे पाहून स्पिट्झर चकित झाला. मग आजार म्हणायचे कशाला, यावर तो विचार करत बसला. शेवटी ठरले ते असे: ज्यामुळे माणसाला स्वतःला त्रास होतो किंवा त्याच्या वावरण्यात, कामकाजात सर्वसाधारण बाधा येते, तो मनोविकार. समलिंगी असून ज्यांना त्रास नाही आणि ज्यांची कामे सुरळीत चालली आहेत, ते या व्याख्येबाहेर. १५ डिसेंबर १९७३ रोजी विश्वस्तांनी १३ विरुद्ध शून्य मतांनी हे मान्य केले. दोघे तटस्थ राहिले.

आयुष्याचा आस्वाद घेता येतो का आणि कामे होतात का, ही फ्रॉइडची १९१७ ची कसोटी यापेक्षा फार वेगळी नाही. बीबर आणि सोकॅरिडीझ हरले ते गुरूच्याच मापाने, असे माझे मत आहे. त्यांनी मात्र राजकीय दडपणाखाली शास्त्र विकल्याचा आरोप केला, सह्या जमवल्या आणि मतदान घडवून आणले. दडपण होते, हे कोण नाकारील? पण बागेतल्या खोलीतले पुरावे सोळा वर्षे पडून होते, ते दडपणाशिवाय कोणी उघडलेही नव्हते.

हार तेवढ्यावर थांबली नाही. १९८० मध्ये स्पिट्झरने पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आणली आणि 'न्यूरोसिस' हा मनोविश्लेषणाचा बिनीचा शब्दच निदानांमधून काढायला घेतला. विश्लेषकांनी १९७९ मध्ये जंग जंग पछाडले. मिळाला तो कंस: नव्या नावाशेजारी कंसात जुना न्यूरोसिस. आता आजार म्हणजे लक्षणांची यादी. इतकी असली तर आहे, नसली तर नाही. पुसलेली रेघ पुन्हा आखली गेली, ठळक आणि शाईने, पण ती आखणाऱ्यांत विश्लेषक नव्हते. समलिंगी असण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी ठेवलेले पळवाटेचे निदान १९८७ मध्ये गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये आपल्या यादीतून ते नाव काढले. सोकॅरिडीझने अखेरपर्यंत मत बदलले नाही. त्याचा मुलगा रिचर्ड उघडपणे समलिंगी होता आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा सल्लागार झाला.

अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेने समलिंगी उमेदवारांना भेदभाव न करता शिक्षण देण्याचे धोरण १९९१ मध्ये स्वीकारले. म्हणजे फ्रॉइड आणि रांक यांच्या पत्राला सत्तर वर्षे झाल्यावर. समलैंगिकतेला आजार ठरवल्याबद्दल तिने जाहीर माफी मागितली ती जून २०१९ मध्ये.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सोडवला. तरी 'मुलगा सुधारून देतो' म्हणणारे डॉक्टर आणि समुपदेशक अजून आहेत आणि त्यांच्याकडे मुलांना घेऊन जाणारे आईबापही आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या परिषदांना कळवले आहे की असा 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तुमच्या गावात एखादा डॉक्टर तो करत असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते; ती करावी.